विजयपदवीतील षष्ठी : प्रूस्त आणि ह्यूगो

नेपोलियनच्या सेनापतींविषयी मराठीत लिहिताना ‘रिव्होलीचा ड्यूक मासेना’, ‘मॅजेंटाचा ड्यूक मॅकमाऑन’ अशी रूपे सहजपणे वापरली जातात. व्याकरणदृष्ट्या त्यांत वावगे काहीच नाही. फ्रेंचमधील ‘द’ या संबंधदर्शक अव्ययाला मराठीत षष्ठीखेरीज दुसरा पर्याय सहसा सापडत नाही. तथापि या षष्ठीने वाचकाची एक फसगत होते. ‘साताऱ्याचे महाराज’ किंवा ‘सांगलीचे पटवर्धन’ या रूपांत ज्या अधिकाराचा बोध होतो, त्याच अधिकाराचा बोध ‘रिव्होलीचा ड्यूक’ या शब्दांतूनही होतो. आणि रिव्होली ही मासेनाची जहागीर असावी, तेथे त्याचा वाडा असावा, तेथील रयत त्याला सारा भरीत असावी, असे वाचक गृहीत धरतो. यांपैकी काहीही खरे नाही. १७९७ च्या जानेवारीत उत्तर इटलीतील त्या गावापाशी ऑस्ट्रियन सैन्याचा पराभव झाला, त्यात मासेनाचा वाटा मोठा होता, आणि १८०८ साली त्या गावाचे नाव त्याला पदवी म्हणून मिळाले. गाव त्याचे झाले नाही. गावाचे नाव मात्र त्याचे झाले.

जुन्या व्याकरणकारांच्या परिभाषेत सांगावयाचे तर सरंजामी पदवीतील षष्ठी ही स्वस्वामिभावसंबंधाची होय. अमुक भूमी ‘स्व’, आणि पदवीधर तिचा ‘स्वामी’. विजयपदवीत षष्ठीचे रूप तेच राहते, परंतु तिचा अर्थ पालटतो. तेथे स्थलनाम हे स्थलाचे वाचक राहत नाही. ते एका दिवसाचे, एका घटनेचे वाचक होते. भूमीवर स्वामित्व सांगता येते; घटनेवर कोणाचे स्वामित्व असणार? म्हणून येथे संबंध उलट फिरतो, आणि घटनेने माणसावर स्वामित्व मिळविलेले दिसते. हा उलटलेला संबंध फ्रेंच कादंबरीकारांच्या ध्यानात फार लवकर आला होता. त्यांतील दोघांनी, ह्यूगोने आणि प्रूस्तने, त्याचा जो उपयोग केला आहे त्याची तुलना क्वचितच केली जाते. नामांविषयीची सूक्ष्म जाण प्रूस्तची आणि उदात्त भावविवशता ह्यूगोची, अशी जी वाटणी सर्रास मानली जाते ती या एका मुद्द्यापुरती तरी तपासून पाहण्याजोगी आहे.

प्रथम भाषेचा प्रश्न. विजयावरून माणसाला नाव देण्याची रीत नेपोलियनची नव्हे. रोमन लोकांनी स्किपिओला ‘आफ्रिकानुस’ म्हटले. रशियात सुव्होरॉव्हला १७८९ मध्ये ‘रीमनिकस्की’ व १७९९ मध्ये ‘इतालियस्की’, तर कुतूझॉव्हला १८१२ मध्ये ‘स्मोलेन्स्की’ हे उपपद मिळाले. लॅटिन आणि रशियन या दोन्ही भाषांत ही रूपे साधित विशेषणे आहेत. ती मूळ नावापुढे जोडली जातात आणि मूळ नाव जिवंत राहते. स्किपिओ हा स्किपिओच असतो; आफ्रिका त्याच्या नावाला लागलेला एक रंग असतो. फ्रेंच भाषेत अशी विशेषणे पदवीसाठी घडविण्याची परंपरा नव्हती. तिच्यापाशी सरंजामी काळापासून चालत आलेले एकच साधन होते, ते म्हणजे ‘द’. नव्या साम्राज्याने तेच उचलले. परिणाम असा झाला की लानची पत्नी समाजात ‘मादाम द माँतबेलो’ झाली आणि लान हे नाव पुढील पिढ्यांत मागे पडले. रशियन विशेषण नावाला शोभा देते. फ्रेंच षष्ठी मूळ नाव गिळून टाकते.

मराठीतील स्थिती आणखी निराळी आहे. मराठेशाहीतील मानाची नावे बहुधा गुणवाचक किंवा अधिकारवाचक असत. कुडतोजी गुजराला मिळालेले ‘प्रतापराव’ किंवा हंसाजी मोहित्याला मिळालेले ‘हंबीरराव’ हे माणसाचे वर्णन करते. ‘सेनाखासखेल’ हे हुद्द्याचा निर्देश करते. लढाईच्या जागेचे नाव माणसाला चिकटविण्याची रूढी येथे दिसत नाही. याउलट ‘-कर’ प्रत्ययाने स्थलनाम सहज आडनावात येते, परंतु त्यात स्वामित्वाचा दावा नसतो. होळकर इंदूरला राज्य करीत होते. नाव मात्र नीरातीरावरच्या होळ गावाचे सांगत होते. ‘-कर’ माणूस कोठून आला ते सांगतो, ‘द’ माणूस कशाचा धनी आहे ते सांगतो, आणि विजयपदवीतील ‘द’ या दोहोंपैकी काहीच सांगत नाही. तिच्यासाठी मराठीत स्वतंत्र रूप नाही, ही अडचण अनुवादकाने निदान ओळखून असावे.

१ मार्च १८०८ च्या राजाज्ञेने साम्राज्याच्या नव्या उमराववर्गाची घडी बसविण्यात आली. पदवी वंशपरंपरागत व्हावयाची तर तिच्यामागे एक अविभाज्य मिळकत बांधून द्यावी लागे. ती मिळकत ज्येष्ठ मुलाकडे पदवीबरोबर जाई. म्हणजे भूमी अगदीच नाहीशी झाली होती असे नव्हे. पदवीच्या नावातील भूमी आणि तिचे पोषण करणारी भूमी यांची मात्र फारकत झाली होती. सगळ्याच नव्या ड्यूकांची नावे लढायांवरून आली नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे. दाल्मातिया, इस्त्रिया, ओत्रांतो इत्यादी नावे ही इटली व एड्रियाटिक किनाऱ्यावरील प्रदेशांवरून घेतलेली होती. खऱ्या अर्थाने रणनामे म्हणता येतील अशी नावे मोजकी : दान्त्सिग लफेव्रला, माँतबेलो लानला, कास्तिल्योने ओझेरोला, एल्खिंगेन नेला, आउअरश्टेट दाव्हूला, पुढे एक्म्यूल पुन्हा दाव्हूला, वाग्राम बेर्त्येला, एसलिंग मासेनाला, मोस्कोवा नेला.

या यादीत जे नाही ते अधिक बोलके आहे. १४ ऑक्टोबर १८०६ या एकाच दिवशी प्रशियन सैन्याशी दोन लढाया झाल्या. आउअरश्टेटला दाव्हूने एकट्या आपल्या सैन्यविभागानिशी शत्रूच्या मुख्य फौजेचा पाडाव केला. येनाला स्वतः सम्राट होता. आउअरश्टेटचे नाव दाव्हूला मिळाले, येनाचे कोणालाच मिळाले नाही. ऑस्टर्लिट्झ आणि फ्रीडलांट यांचेही तसेच. आपल्या सर्वांत मोठ्या दिवसांची नावे सम्राटाने स्वतःपाशी ठेवली असे म्हणावेसे वाटते, परंतु वाग्राम आणि मोस्कोवा या नावांमुळे तो नियम पक्का ठरत नाही. तेथेही सैन्य सम्राटाच्याच हाताखाली लढले होते. ते कसेही असो. येनाचा प्रिन्स किंवा ड्यूक इतिहासात कधी झाला नाही, एवढे निश्चित. आणि पुढे प्रूस्तच्या कादंबरीत हीच रिकामी जागा कामाला येते.

घटनावाचक झालेले स्थलनाम फार काळ घटनेला धरून राहत नाही, हे शब्दार्थशास्त्राच्या अभ्यासकाला वेगळे सांगावयास नको. ४ जून १८५९ रोजी लोंबार्डीतील मॅजेंटा गावापाशी लढाई झाली आणि मॅकमाऑन तेथला ड्यूक झाला. त्याच सुमारास बाजारात आलेल्या एका किरमिजी-जांभळ्या रंगालाही ते नाव देण्यात आले. आज मुंबईच्या छापखान्यातील कामगार दिवसातून दहादा ‘मॅजेंटा’ म्हणतो. त्याला ना लढाई ठाऊक, ना ड्यूक. सूशेला १८१२ मध्ये मिळालेली ‘अल्बुफेरा’ ही पदवी व्हॅलेन्सियाजवळच्या एका खाजणावरून आलेली आहे आणि तो शब्द मूळ अरबी ‘अल-बुहैरा’, म्हणजे ‘लहानसा समुद्र’. अरबांनी तळ्याला दिलेले सामान्यनाम स्पॅनिश लोकांच्या तोंडी विशेषनाम झाले, आणि फ्रेंच सेनापतीच्या वाट्याला ते वंशनाम म्हणून आले. सर्वांत विलक्षण कथा मार्मोंची. तो राग्यूझचा ड्यूक. त्याची पदवी लढाईपेक्षा प्रदेशावरून आलेली. १८१४ मध्ये त्याने आपले सैन्य शत्रूपक्षाच्या हाती जाऊ दिले, आणि लोकांनी त्याच्या पदवीपासून ‘राग्यूझे’ असे क्रियापद बनविले : अर्थ, विश्वासघात करणे. सम्राटाने दिलेल्या नामाला लोकांनी धातू केले. पदवी देणे राज्यकर्त्याच्या हाती असले तरी तिचा अर्थ ठरविणे त्याच्या हाती नसते, याचा याहून चोख पुरावा कोशात सापडणे कठीण.

प्रूस्त याच ठिकाणी उभा आहे. त्याच्या महाकादंबरीच्या पहिल्या भागात (१९१३) एका सायंकालीन मेजवानीचे वर्णन आहे. दे लोमची प्रिन्सेस, जी पुढे गेरमांतची डचेस होते, ती जनरल फ्रोबेरव्हीलशी बोलत असताना येना घराण्याचा विषय निघतो. या घराण्याचे नाव तिला पुलाचे नाव वाटते, आणि पुलाचे नाव धारण करणाऱ्या लोकांच्या घरी जाण्याची कल्पना तिला हास्यास्पद वाटते. ते विजयाचे नाव आहे याची जनरल तिला आठवण करून देतो. ही माणसे अखेर वीरांसारखी लढली आहेत, असे तो एका जुन्या शिपायाच्या निष्ठेने पुढे म्हणतो. ती वीरांविषयी आदर व्यक्त करते, आणि आपण येनांकडे जात नाही त्याचे कारण केवळ ओळख नाही हेच, असे सांगून विषय मिटविते.

हा प्रसंग बहुधा उच्चकुलीन तुच्छतेचा नमुना म्हणून वाचला जातो. तसा तो आहेच. परंतु तेवढाच नाही. पॅरिसमध्ये येनाचा पूल खरोखरच आहे. नेपोलियनने १८०७ मध्ये त्याची आज्ञा काढली, १८१४ मध्ये तो पुरा झाला. १८१५ मध्ये प्रशियन सेनापती ब्ल्यूखर तो सुरुंगाने उडवून देण्यास निघाला होता; पूल वाचला, त्याचे नाव मात्र बदलले गेले, आणि जुने नाव १८३० मध्ये परत आले. एका नावाखातर ज्याच्यावर सुरुंग लागणार होता, तोच पूल दोन-तीन पिढ्यांत इतका रोजच्या रहदारीचा झाला की नाव ऐकताच प्रिन्सेसच्या मनात लढाई न येता कमान आणि कठडा येतो. तिचे कान खोटे बोलत नाहीत. जनरलला ‘येना’त तोफ ऐकू येते, तिला गाड्यांची खडखड ऐकू येते, शब्द एकच, श्रोते दोन. विजयपदवीचा अर्थ पदवीधरापाशी नसून श्रोत्याच्या स्मरणात असतो, हे येथे दोन ओळींच्या संवादात दिसून येते. इतिहासात ज्या लढाईचे नाव कोणाला मिळालेच नाही, तेच नाव प्रूस्तने आपल्या घराण्यासाठी निवडावे, यातही कलेचे भान आहे. मासेनाचे किंवा लानचे खरे वंशज तेव्हा पॅरिसमध्ये नांदत होते. सूशेचा वंशज तर त्याचा मित्रच होता. रिकाम्या नावावर विनोद केला की कोणा जिवंत माणसाचा उपमर्द होत नाही आणि नाव मात्र शुद्ध नाव म्हणून तपासता येते.

‘गेरमांतची बाजू’ (१९२०–२१) या भागात हा धागा पुन्हा हाती येतो. शार्ल्यूस येनाच्या प्रिन्सेसविषयी बोलताना असा बहाणा करतो की, ही कोणी त्या पुलाखाली रात्र काढणारी दरिद्री बाई असावी आणि गुन्हेगारांच्या वस्तीत टोपणनावे पडतात तशी तिने ही पदवी घेतली असावी. दे लोमच्या प्रिन्सेसचा विनोद येथे क्रूर होतो. परंतु याच भागात डचेस झालेली ती स्त्री, जिने पूर्वी साम्राज्यकालीन लाकडी सामान आपल्या माळ्यावर नजरेआड ठेवले होते, ती आता येनांच्या घरातील त्याच घडणीच्या सामानाची स्तुती करते. आणि पार्माची प्रिन्सेस मात्र येनांच्या मुलाला ग्वास्ताल्लाचा ड्यूक म्हटलेले ऐकून अस्वस्थ होते, कारण ती पदवी खरी आपल्या मुलाची अशी तिची श्रद्धा. एका नावावर दोन ‘द’ हक्क सांगतात, एक जमिनीचा आणि एक सम्राटाच्या मर्जीचा. दोन्ही जमिनी तोवर इटलीच्या राज्यात विलीन झालेल्या. म्हणजे जुनी षष्ठीही आता नव्या षष्ठीइतकीच पोकळ आहे. हे प्रूस्त स्पष्ट शब्दांत सांगत नाही, आणि सांगत नाही हेच बरे. १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अखेरच्या भागात जुनी, कुळाचा गंधही नसलेली मादाम व्हेर्द्यूरँ ही गेरमांतची प्रिन्सेस होऊन बसते, तेव्हा पुलाच्या नावाला हसणाऱ्या घराण्याचे नावही एखाद्या पुलासारखेच झालेले असते : कोणीही त्यावरून पलीकडे जावे.

येथवर प्रूस्तचा विजय निर्विवाद वाटतो. त्याच्या विनोदाला इतिहासाने मात्र एक पुरवणी जोडून ठेवली होती. सप्टेंबर १८६० मध्ये पेकिंगजवळ एका पुलापाशी फ्रेंच व इंग्रज सैन्याने चिनी सैन्याचा पराभव केला. त्या जागेचे चिनी नाव ‘बा-ली-च्याओ’, अर्थात ‘आठ ली अंतरावरचा पूल’. फ्रेंचांच्या तोंडी त्याचे ‘पालिकाओ’ झाले, आणि १८६२ च्या आरंभी तिसऱ्या नेपोलियनने सेनापती कुझँ-माँतोबाँ याला पालिकाओचा काउंट केले. म्हणजे ज्याला खरोखर पुलाचे नाव मिळाले असा उमराव फ्रान्समध्ये होऊन गेला होता; फक्त तो पूल परभाषेत असल्यामुळे दिवाणखान्यातील कोणालाही हसण्याची सोय नव्हती. या काउंटाला वर्षासन बांधून देण्याच्या प्रस्तावाला तेव्हाच्या विधिमंडळातही विरोध झाला. कारण उघड होते. त्याच मोहिमेत, पुलावरील लढाईनंतर थोड्याच दिवसांनी, पेकिंगचा ग्रीष्मप्रासाद लुटला गेला होता.

त्या लुटीची ज्याने निःसंदिग्ध निर्भर्त्सना केली तो व्हिक्तर ह्यूगो. ग्वेर्नसी बेटावर हद्दपारीत असताना नोव्हेंबर १८६१ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्याने फ्रान्स आणि इंग्लंड यांना दोन दरोडेखोर ठरविले. पालिकाओची पदवी निघाली त्याच १८६२ साली ‘ले मिझेराब्ल’ प्रसिद्ध झाली. पत्राचा कादंबरीवर परिणाम झाला असे सुचविण्याचे कारण नाही. कादंबरीचा आराखडा फार जुना होता. परंतु विजयाच्या नावामागे लुटारू उभा असू शकतो, हे ज्या लेखकाला दिसत होते त्याच्या हातून एक विजयपदवी कशी रंगविली गेली, हे पाहण्यास तो संदर्भ उपयोगी पडतो. दुसराही एक संदर्भ ध्यानात ठेवण्याजोगा आहे : ह्यूगोच्या सेनापती पित्याला स्पेनमध्ये जोझेफ बोनापार्तने काउंट केले होते, आणि तो देणारा राजाच पुढे सिंहासनावर राहिला नाही. देणारा नाहीसा झाला म्हणजे दिलेल्या शब्दाचे काय होते, हा प्रश्न त्या घरात पुस्तकी नव्हता.

कादंबरीतील कर्नल पाँमेर्सी वॉटर्लूच्या रणांगणावर शत्रूचे निशाण जिंकून, चेहऱ्यावर तलवारीचा वार घेऊन, ते सम्राटाच्या पायांशी टाकतो. सम्राट त्याला तिथल्या तिथे कर्नल, बॅरन आणि लिजन ऑफ ऑनरचा अधिकारी करतो. तारीख १८ जून १८१५. या प्रसंगातील भाषिक गुंतागुंत विलक्षण आहे. १८१४ च्या सनदेने जुन्या उमरावांना त्यांच्या पदव्या परत दिल्या होत्या आणि नव्यांच्या कायम ठेवल्या होत्या. त्यामुळे मासेना किंवा दाव्हू यांच्या पदव्यांना परत आलेल्या राजवटीत तत्त्वतः धोका नव्हता. पाँमेर्सीचे दुर्दैव निराळे. त्याची पदवी शंभर दिवसांतील, म्हणजे नव्या राजवटीच्या लेखी जे सरकारच नव्हते त्याची. शिवाय ती केवळ तोंडी. साम्राज्याची पदवी मुद्रांकित पत्राने आणि नोंदीने सिद्ध होत असे. येथे धुरात उच्चारलेले एक वाक्य आहे, बस्स. उच्चारणे हेच ज्यांचे कार्य अशा वाक्यांना वक्त्याचा अधिकार आणि योग्य विधी यांची जोड लागते, असे ऑस्टिनने १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत प्रतिपादन केले. सम्राटाचे वाक्य उच्चारले गेले तेव्हा अधिकार होता. संध्याकाळपर्यंत तो संपला. वाक्य मात्र उरले.

या पदवीत स्थलनाम नाही. पाँमेर्सी ‘वॉटर्लूचा बॅरन’ होत नाही. तो ‘बॅरन पाँमेर्सी’च राहतो. पराभवाच्या नावाने कोणी पदवी देत नाही हे खरेच. परंतु ह्यूगोने त्यामुळे एक मोठी गोष्ट साधली आहे. जिंकलेल्या गावाचे नाव नसल्यामुळे ही पदवी शुद्ध कर्माची राहते. तिला ना नकाशाचा आधार, ना पुलाचा, ना रंगाचा. तिला आधार उरतो तो एका चिठ्ठीचा. व्हेर्नोनला अर्ध्या पगारावर फुलझाडे वाढवीत मरण पावलेला कर्नल मुलासाठी चिठ्ठी ठेवतो : सम्राटाने आपणांस रणांगणावर बॅरन केले, राजवट ही पदवी मान्य करीत नाही, आपण तिची किंमत रक्ताने दिली आहे, तरी मुलाने ती धारण करावी. आणि त्याच कागदाच्या पाठीवर दुसरा मजकूर आहे : त्याच लढाईत तेनार्दिए नावाच्या सार्जंटाने आपला जीव वाचविला, तो भेटल्यास मुलाने त्याचे होईल तेवढे भले करावे.

हा दुहेरी कागद हे कादंबरीतील एक सोयीस्कर कथासूत्र समजून वाचक पुढे जातात. वस्तुतः विजयपदवीचे याहून कठोर विवेचन त्या शतकातील साहित्यात क्वचितच आढळेल. कागदाच्या पुढील बाजूवर जे आहे ते खरे, पण कोणी मानीत नाही. मागील बाजूवर जे आहे ते खोटे, आणि ते सर्वजण मानतात. तेनार्दिए रात्री प्रेतांच्या ढिगांतून फिरत होता तो चोरीसाठी. कर्नलला त्याने ओढून काढले ते त्याचे पदक, घड्याळ आणि पैसे काढून घेताना. पुढे माँफेर्मेलच्या खाणावळीवर तो पाटी लावतो : पाठीवर एका सेनापतीला वाहून नेणारा शिपाई, धूर, रक्ताचे डाग, आणि खाली अक्षरे, ‘वॉटर्लूचा सार्जंट’. येथे मात्र स्थलनाम आहे, षष्ठी आहे, आणि ती अगदी ‘रिव्होलीचा ड्यूक’ याच साच्याची आहे. खऱ्या बॅरनच्या नावात लढाई नाही. प्रेतलुटारूच्या पाटीवर ती ठळक अक्षरांत रंगविलेली आहे. कर्म आणि नाव यांची ही अदलाबदल प्रूस्तच्या संवादात कोठेच नाही. प्रूस्त ‘येना’ हे नाव कोणाच्या कानाला कसे लागते ते सांगतो. ते नाव कोणी कसे मिळविले, हा प्रश्न त्याच्या दिवाणखान्यात कोणीच विचारीत नाही.

यावर असा आक्षेप येऊ शकेल की ह्यूगोची बाजू नीतीची आहे, भाषेची नव्हे. तो टिकण्यासारखा नाही. मारियसने ‘बॅरन मारियस पाँमेर्सी’ अशी भेटपत्रे छापून घेतली, ती त्याच्या राजनिष्ठ आजोबाच्या हाती पडली आणि दोघांची फारकत झाली, हा भाग पाहावा. आजोबा त्या शब्दांचा अर्थ विचारतो. मारियसचे उत्तर एवढेच की आपण आपल्या बापाचे मुलगे आहोत. पदवीचा अर्थ येथे जमीन नाही, लढाई नाही, मानही नाही. तो केवळ नात्याची ग्वाही आहे. आणि त्या धांदलीत बापाची चिठ्ठी असलेली डबी अंधाऱ्या जिन्यावर हरवते, ती कधीच सापडत नाही. मुलाला त्या ओळी पाठ असतात. मुद्रांकित पत्र मुळात नव्हतेच. आता चिठ्ठीही गेली. उरले ते पाठांतर. ज्या देशात शेकडो वर्षे ग्रंथ मुखोद्गत करून राखले गेले, तेथील वाचकाला या तपशिलाचे मोल अधिक कळावे.

दोन्ही लेखकांत एक उणीव समान आहे. ज्या गावांची नावे उचलली गेली त्यांच्या कानांचा विचार दोघेही करीत नाहीत. ज्या लढाईला फ्रेंच एसलिंग म्हणतात तिला ऑस्ट्रियन लोक आस्पेर्न म्हणतात आणि आपला विजय मानतात. नेची ‘मोस्कोवा’ ही रशियनांची ‘बोरोदिनो’. एकाने नदीचे नाव घेतले, दुसऱ्याने गावाचे, आणि टॉलस्टॉयला तर तेथे कोणी एका सेनापतीने काही घडविले हेच मान्य नाही. मराठी वाचकाला हा प्रश्न दूरचा नाही. १८०३ मध्ये शिंद्यांच्या फौजांशी दिल्ली आणि लासवारी येथे लढलेल्या जनरल लेकला इंग्लंडने १८०४ मध्ये ‘दिल्ली व लासवारी’ यांचे नाव जोडून बॅरन केले. इंग्रजी सरदारांच्या यादीत ते एक भूषण आहे. ज्या पलटणी तेथे कापल्या गेल्या त्यांच्या वंशजांना ती षष्ठी निराळ्याच अर्थाची वाटेल.

तेनार्दिएचे काय होते ते मात्र ह्यूगोने सोडले नाही. कागदाची पुढील बाजू मारियसला बॅरन करते, तर मागील बाजू त्याच्या हातापायांत बेडी घालते. शेजारच्या खोलीत दरोडा चालू असता पिस्तुलाचा बार काढून इशारा द्यावयाचा, तेवढ्यात ‘तेनार्दिए’ हे नाव कानी पडते आणि त्याचा हात लुळा होतो. पुढे सत्य उघड झाल्यावरही ती आज्ञा मोडत नाही. वॉटर्लू तुझे रक्षण करीत आहे, अशा आशयाचे शब्द तो त्या लुटारूला ऐकवितो आणि पैसे देऊन वाटेला लावतो. तेनार्दिए न्यूयॉर्कवरची वीस हजार फ्रँकांची हुंडी घेऊन अमेरिकेला जातो, आणि तेथे गुलामांचा व्यापार करू लागतो.